गरुडाची चोच आणि माझी हाफ मॅरेथॉन

परवा चाळिशी पूर्ण झाली आणि फॅमिली ग्रुपवर मामांनी शुभेच्छा म्हणून तो गरुडाचा फॉरवर्ड टाकला. तुम्हालाही आला असेलच कधीतरी. गरुड चाळीस वर्षांचा झाला की डोंगरावर जातो, चोच दगडावर आपटून आपटून तोडतो, नखं उपटतो, पिसं उपटतो, 150 दिवस कळ सोसतो आणि मग म्हणे अजून 30 वर्षं जगतो. खाली सहा अंगठे आणि वहिनींचं "खूप प्रेरणादायी".

अहो, चोच तुटल्यावर तो खाणार काय? 150 दिवस लांब राहिले, त्याच्या कितीतरी आधी उपाशी मरेल बिचारा. चोच आपल्या नखांसारखी असते, वाढत राहते आणि वापरून झिजत राहते. पिसं तो बदलतो हे खरंय, पण एकदम नाही, थोडी गळतात, तेवढी नवीन येतात, मग पुढची, म्हणजे उडणं आणि शिकार चालूच. आणि रानातले बरेचसे गरुड चाळिशी बघतसुद्धा नाहीत!

मामांवर राग नाही. पण आपण सगळे ध्येय ठरवतो ते ह्या खोट्या गरुडासारखंच ना. 1 जानेवारीपासून साखर बंद, पहाटे पाचला उठायचं, जिम, इंग्रजी सुधारायचं, आणि मोबाईल रात्री नऊला बंद, सगळं एकाच दिवशी. मी गेल्या वर्षी हाफ मॅरेथॉनची फी भरली, भारीतले बूट घेतले, स्टेटस ठेवला, आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरून बसलो. बूट सध्या भाजी आणायला वापरतो.

खरे पक्षी काय करतात ते बघितलं तर वेगळंच दिसतं. बार-टेल्ड गॉडविट नावाचा एक पाणपक्षी आहे, 2022 मध्ये त्यातलं एक जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्कातून निघालं ते थेट टास्मानियात उतरलं, 13,560 किलोमीटर, 11 दिवस, मध्ये कुठे टेकलं नाही की काही खाल्लं नाही. हा आकडा वाचून आपण लगेच "जिद्द असावी तर अशी" म्हणून मोकळे होतो. पण निघायच्या आधी हे पक्षी नुसते खातात हो, निम्मं वजन चरबीचं होईपर्यंत खातात, आणि मग पोटातली आतडी वगैरे आकसून घेतात कारण वाटेत त्यांचं काम नाही, उगीच ओझं. एवढं करूनही मागून वारा मिळेपर्यंत थांबतात. माझी तयारी काय होती, तर बूट.

दुसरा आपला शेताकडचा, सुगरण. नाव बाईचं, विणतो मात्र नर. मामांच्याच विहिरीवर बाभळीला लटकलेले असतात खोपे, पावसाळ्यात जाऊन बघा. त्यातले काही अर्धेच असतात, टोपी उलटी टांगल्यासारखे. लहानपणी वाटायचं वाऱ्याने मोडले असतील. तर तसं नाही, नर अर्धा खोपा विणून पंख फडफडवत मादीला बोलावतो, ती आत शिरून तपासते, पसंत पडला तर तो बाकीचा खोपा आणि खालची नळी पूर्ण करतो, नाही पडला तर बऱ्याचदा तो तसाच सोडून दुसरा विणायला घेतो. आठवड्याभराची मेहनत गेली तरी. आपल्याकडे अर्धं सोडलेलं काम म्हणजे केवढी नामुष्की, "सुरू केलंस तर पूर्ण कर" हे घराघरात. मी न आवडणारा एक ऑनलाईन कोर्स निव्वळ पैसे भरलेत म्हणून आठ महिने रेटला.

तर सध्या हाफ मॅरेथॉन बाजूला. कॉलनीच्या ग्राउंडला चार फेऱ्या, त्यातल्या दोन चालत. गुडघा गप्प आहे. फेब्रुवारीत बघू वारा कुठून येतोय.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, जरा भीतभीतच, मामांना राग येईल म्हणून. त्यांचा रिप्लाय आला, "छान लिहिलंयस. आता हा मुंगीचा वाच." आणि खाली फॉरवर्डेड मेनी टाइम्स.