संत्र्यांची बाग आणि अफूची गोळी

अमेरिकेतल्या महामंदीच्या काळातले विनोदी चित्रपट म्हणजे उपाशी लोकांना चारलेली अफूची गोळी, हे विधान आता इतकं रुळलंय की ते करणाऱ्याकडे कुणी पुरावा मागत नाही. मागितलाच, तर ‘इट्स अ गिफ्ट’ या १९३४ च्या चित्रपटाचं नाव हमखास पुढे येतं. मांडणी साधारण अशी असते: धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेलं एक गरीब कुटुंब मोडक्या मोटारीतून कॅलिफोर्नियाला निघतं, वाटेत हाल सोसतं, शेवटी त्याला संत्र्यांची बाग मिळते. प्रेक्षक भूक विसरून हसतात, ‘पश्चिमेला जा, नशीब उघडेल’ हा निरोप घेऊन घरी जातात आणि हॉलीवूड गब्बर होतं.

ऐकायला पटतं. पण यातलं जवळपास एकही वाक्य तपासायला घेतलं तर टिकत नाही. डब्ल्यू. सी. फील्ड्स या नटाचा हा चित्रपट ज्यांनी नुसता ऐकलाय त्यांचं मी समजू शकतो. ज्यांनी पाहिलाय तेही हेच सांगतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

देशोधडीला लागलेलं कुटुंब. नायक हॅरल्ड बिसोनेट राहतो न्यू जर्सीत. म्हणजे अटलांटिकच्या किनाऱ्याला, ती वादळं झाली त्या मैदानी पट्ट्यापासून हजारावर मैल लांब. त्याचं स्वतःचं वाणसामानाचं दुकान आहे, दुकानात हाताखाली माणूस आहे, घरी बायको, वयात आलेली मुलगी आणि एक कार्टा. बायकोला आडनावाचा उच्चार फ्रेंच थाटात ‘बिसोनाय’ असाच हवा असतो. देशोधडीला लागलेल्या घरात ही हौस कुणी करत नाही. हॅरल्ड निघतो तो जप्ती आली म्हणून नव्हे. काका वारतात, वारशाचा पैसा हाती येतो आणि त्यातून तो कॅलिफोर्नियात संत्र्यांची बाग घेतो. कुटुंब कुरबुरतं, पण उपाशी नाही. कनिष्ठ मध्यमवर्ग म्हणतात तो हाच.

मग धुळीचं वादळ कुठून आलं? ते आपल्या डोक्यातून आलं. मे १९३४ मध्ये एका मोठ्या वादळाची धूळ न्यूयॉर्क-वॉशिंग्टनपर्यंत पोचली होती हे खरं. पण ‘काळा रविवार’ म्हणून लक्षात राहिलेलं वादळ १४ एप्रिल १९३५ चं. छायाचित्रकार डोरोथिया लँगने कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथल्या स्थलांतरित मजुरांच्या तळावरच्या आईचं ते जगप्रसिद्ध छायाचित्र काढलं मार्च १९३६ मध्ये. जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी १९३९ ची, तिच्यावरचा चित्रपट १९४० चा. पश्चिमेला निघालेलं गरीब कुटुंब म्हटल्यावर जी चित्रं आपल्यासमोर उभी राहतात, ती जवळजवळ सगळी ‘इट्स अ गिफ्ट’ नोव्हेंबर १९३४ मध्ये लागल्यानंतरची आहेत. नंतरच्या चित्रांचा चष्मा घालून आधीचा चित्रपट बघायचा आणि वर त्याने विषय गोड करून टाकला म्हणून त्याला झोडायचं, हा न्याय अजब आहे.

मंदीवरचा उतारा म्हणून बनवला, हा पुढचा दावा. श्रेयनामावलीत कथाकार म्हणून चार्ल्स बोगल हे नाव दिसतं. ते फील्ड्सचंच टोपणनाव. पण यातला बराच मालमसाला त्याहून जुना आहे. जे. पी. मॅकएव्हॉय यांच्या १९२४ च्या ‘द कॉमिक सप्लिमेंट’ या रंगमंचीय प्रयोगात फील्ड्स यातले प्रसंग करत होता. पुढे १९२६ मध्ये ‘इट्स द ओल्ड आर्मी गेम’ या मूकपटात ते पडद्यावर आले. व्हरांड्यात झोपू पाहणारा माणूस आणि परक्याच्या हिरवळीवर कचरा करणारी सहल त्यातही आहे. १९२४ आणि १९२६ ही वर्षं शेअरबाजार चढता असतानाची, मंदीचं नावही कुणी काढत नव्हतं तेव्हाची. त्या मूकपटात न्यूयॉर्कमधले प्लॉट फ्लोरिडातल्या गावकऱ्यांच्या गळ्यात मारले जातात. लांबची, न पाहिलेली जमीन विकत घेणारा भाबडा माणूस हा फील्ड्सचा भरभराटीच्या काळापासूनचा विषय होता. मंदीने त्याला नवा संदर्भ दिला, जन्म दिला नाही.

आता मुख्य आरोपाकडे. चित्रपट म्हणे ‘पश्चिमेला जा’ असं सांगतो.

कॅलिफोर्निया आणि संत्रं ही जोडी चित्रपटवाल्यांनी लावलेली नव्हती. ती बागायतदारांच्या सहकारी संघाने आणि रेल्वे कंपनीने लावली. १९०७ मध्ये आयोवा राज्यात त्यांनी जाहिरातींचा मारा केला: आरोग्यासाठी संत्री, संपत्तीसाठी कॅलिफोर्निया. पुढच्याच वर्षी ‘सनकिस्ट’ हा छाप आला, आणि १९१६ पासून ‘संत्रं प्या’ ही मोहीम. तीसेक वर्षं घरोघर पेटीवरच्या चित्रांत तीच हिरवी बाग आणि मागे तेच बर्फाचे डोंगर दिसत होते. हॅरल्डच्या खिशातलं बागेचं चित्र त्या जाहिरातींचंच भावंड आहे.

आणि चित्रपट त्या चित्राचं काय करतो? जमीन निकामी आहे हे हॅरल्डला निघण्याआधीच कळतं. ज्या तरुणामार्फत त्याने ती घेतली, म्हणजे मुलीच्या मित्रामार्फत, तोच येऊन सांगतो. हॅरल्ड ऐकत नाही. सातबारा न बघता रंगीत पत्रकावरून प्लॉट बुक करणारी माणसं आपल्याकडेही अशीच ऐकत नाहीत. वाटेत दुसऱ्यांच्या बहरलेल्या बागा दिसत राहतात आणि कुटुंब उगाच उल्हसित होतं. मग मुक्काम येतो: एक खोपट, वाळकं गवत, भेगाळलेली जमीन. पायरीवर पाय ठेवला की पायरी निखळते. बायको-मुलं तणतणत चालती होतात. मोटारही तिथेच बसकण मारते. जाहिरातीतल्या कॅलिफोर्नियाचा इतका चोख पंचनामा १९३४ च्या मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटात दुसरा दाखवा.

‘पण शेवटी बाग मिळतेच ना?’ मिळते. कशी, ते बघा. शेजारचा एक भला माणूस धावत येऊन सांगतो की बाजूला घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतंय आणि प्रेक्षकांच्या गॅलरीसाठी नेमकी हीच जमीन हवी आहे. पडेल किमतीत सोडू नकोस. मागोमाग मोठे शेठ येतात. हॅरल्ड खिशातली बाटली काढून घोट घेत घासाघीस करतो आणि चाळीस हजार डॉलर, वर पत्रकातली ती बाग, एवढं पदरात पाडून घेतो. शेजाऱ्याची दलालीही विसरत नाही. ज्या काळात नवी फोर्ड पाच-सहाशे डॉलरांत येत होती, त्या काळातले हे चाळीस हजार.

कष्टाचं फळ इथे कुठे आहे? हॅरल्डने एक कुदळ मारलेली नाही. निष्ठेचं, सचोटीचं, कौटुंबिक ऐक्याचं बक्षीसही हे नव्हे. कुटुंब तर त्याला सोडून निघालं होतं. जमिनीत संत्रं उगवत नाही म्हणूनच ती विकली जाते, आणि विकत घेणारे जुगाराच्या धंद्यातले. हे हवेतून काढलेलं नाही. घोड्यांच्या शर्यतींवर पैज लावण्यावरची कॅलिफोर्नियातली जुनी बंदी मतदारांनी १९३३ मध्ये उठवली, मुख्यतः मंदीत रिकाम्या झालेल्या सरकारी तिजोरीत कर पडावा म्हणून. लॉस एंजेलिसजवळ आर्केडियात सांता अनिता हे भव्य मैदान उघडलं २५ डिसेंबर १९३४ रोजी, चित्रपट लागल्यानंतर महिन्याभरातच. ते उभारणाऱ्यांत प्रमुख होता हाल रोच, विनोदी चित्रपटांचा निर्माता. स्थानिक प्रेक्षकाला तो शेवट परीकथा वाटला असेल असं मला वाटत नाही. त्याला ती ताजी बातमी वाटली असेल. कॅलिफोर्नियात पैसा शेतीत नाही, शेताच्या शेजारी काय येणार यात आहे, हे फील्ड्स सांगतो, आणि कुणाचीही माफी न मागता सांगतो.

शिवाय हॉलीवूड त्या महिन्यांत पश्चिमेकडे येणाऱ्यांविषयी खरोखर काय सांगत होतं, हेही नोंदवायला हवं. त्याच शरद ऋतूत अप्टन सिंक्लेअर हे लेखक ‘कॅलिफोर्नियातली गरिबी संपवू’ असं म्हणत गव्हर्नरपदासाठी उभे होते. स्टुडिओमालक घाबरले. अनेक स्टुडिओंनी कर्मचाऱ्यांकडून सिंक्लेअरविरोधी प्रचारासाठी एका दिवसाचा पगार घेतला. एमजीएम या स्टुडिओच्या आयर्विंग थालबर्गने बनावट वृत्तपट तयार करवून घेतले. त्यांत फुकटच्या भत्त्यासाठी भटक्यांच्या झुंडी कॅलिफोर्नियाकडे लोटत असल्याचं दाखवलं होतं, आणि ते चित्रपटगृहांतून बातम्या म्हणून दाखवले गेले. ६ नोव्हेंबर १९३४ ला सिंक्लेअर हरले. म्हणजे प्रचार होता, पण तो ‘या’ असा नव्हता, ‘येऊ नका’ असा होता. फेब्रुवारी १९३६ मध्ये तर लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने शंभरावर पोलीस थेट राज्याच्या सीमांवर पाठवून गरीब प्रवाशांना परतवून लावलं. अफू शोधायचीच असेल तर ती वृत्तपटांत शोधावी. विनोदी चित्रपट त्या मानाने फारच सरळ निघतो.

हॉलीवूड गब्बर झालं, हा मुद्दा चटकन संपवतो. मंदीत चित्रपटधंदा तेजीत होता ही लोककथा आहे. १९३० नंतर तिकीटविक्री जोरात घसरली. लोकांना खेचायला एका तिकिटात दोन चित्रपट, कपबशा आणि ताटल्या वाटणं, असले प्रकार थिएटरवाल्यांना करावे लागले. ‘इट्स अ गिफ्ट’ काढणारी पॅरामाउंट कंपनी १९३३ मध्ये दिवाळखोरीत गेली होती आणि चित्रपट लागला तेव्हाही त्यातून बाहेर आलेली नव्हती. दिवाळखोर स्टुडिओने फसलेल्या जमीनखरेदीवर चित्रपट काढला, असं म्हणणं जास्त खरं होईल.

राहिला ‘भूक विसरायला लावणारं हसू’ हा मुद्दा. चित्रपटातला सर्वात गाजलेला भाग घ्या. बायकोच्या कटकटीने बेजार हॅरल्ड व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर पहाटे जरा डोळा लागावा म्हणून पडतो. दूधवाल्याच्या बाटल्या वाजतात. एक नारळ एकेक पायरी घेत, कचऱ्याच्या डब्यांना धडकत खाली जातो. वरच्या मजल्यावरचं पोर फटीतून द्राक्षं टाकतं. वर आई आणि खाली मुलगी औषधाच्या दुकानातून काय आणायचं यावर ओरडून चर्चा करतात. आणि एक विमा एजंट कार्ल लाफाँग नावाच्या कुणालातरी शोधत येतो, त्या नावाचं एकेक अक्षर मोठं की लहान ते म्हणून दाखवतो, आणि तो इसम सापडत नाही म्हटल्यावर हॅरल्डलाच पॉलिसी विकायला बसतो: आत्ता हप्ते सुरू केलेत तर नव्वदीत आरामात निवृत्त व्हाल!

हा विनोद सुखावणारा आहे का? मला तो बघताना दर वेळी अंगावर येतो. थकलेल्या माणसाला झोपही मिळू न देणारं जग आहे हे, आणि त्यात कुणीही दुष्ट नाही, जो तो आपापलं काम करतोय. म्हातारपणी काय, हा तर १९३४ मधला सर्वात धगधगता प्रश्न. कॅलिफोर्नियातच डॉ. टाउनसेंड यांनी साठीपुढच्या प्रत्येकाला महिना दोनशे डॉलर द्या अशी मागणी उचलली होती आणि देशभर त्यांच्या सभा गाजत होत्या. सामाजिक सुरक्षेचा कायदा यायला ऑगस्ट १९३५ उजाडायचा होता. त्या मधल्या काळात नव्वदीतल्या निवृत्तीची थट्टा ऐकून हसणारा प्रेक्षक काही विसरत नव्हता. त्याला नेमकं तेच आठवत होतं.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र मान्य. बायकोचं पात्र एकसुरी आहे. चित्रपट तिला कजाग म्हणून उभी करतो आणि तिची बाजू कधी ऐकत नाही, खरंतर घराचे पैसे न विचारता उडवले म्हणून चिडायचा तिला पूर्ण अधिकार आहे. कॅथलीन हॉवर्ड मूळची न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची गायिका. त्या आवाजाच्या जोरावर तिने भूमिका तोलून धरली, हे तिचं श्रेय, पटकथेचं नाही. दुकानात काठीने काचा आणि दिव्यांचा चुराडा करणाऱ्या आंधळ्या मकल यांच्यावर आज हसावं की नाही, यावरही मतभेद होऊ शकतात. मी हसतो, कारण सगळ्या गावात तेवढे एकच गृहस्थ कुणाची दया मागत नाहीत.

आणि टीका करायचीच तर दावेदारांच्या नजरेतून निसटलेली एक जागा आहे. शेवटच्या दृश्यात हॅरल्ड बागेत बसून हाताशी आलेल्या फांदीचं संत्रं तोडतो, पेल्यात रसाचे चार थेंब पिळतो आणि वर बाटलीतली दारू भरपूर ओततो. एवढ्या बागेत तोडणीला आलेला एकही मजूर दिसत नाही. खऱ्या कॅलिफोर्नियात ती संत्री तोडत होते मुख्यतः मेक्सिकन मजूर. १९३६ च्या उन्हाळ्यात ऑरेंज काउंटीत त्यांतल्या सुमारे अडीच हजारांनी मजुरीसाठी संप केला, तेव्हा शेरीफने त्यांच्यासमोर शेकडो हत्यारबंद माणसं उभी केली. शेरीफ स्वतः संत्र्यांचा बागायतदार होता.