अपग्रेडनंतरची परवानगीची अडचण सरसकट ‘७७७’ देऊन सुटत नाही

ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केल्यावर स्वतःचीच फाइल उघडेनाशी झाली आणि पडद्यावर ‘पर्मिशन डिनाइड’ उमटू लागले, की लिनक्स आणि मॅक वापरणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘अपग्रेडमध्ये परवानग्या बिघडतात, सुडो लावून सीएचमॉड -आर ७७७ चालवा, सगळे सुरळीत होते, स्वतःच्या संगणकावर त्यात धोका नाही आणि नंतर ते पूर्ववत करता येते.’ इथे ‘सुडो’ म्हणजे कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे, ‘सीएचमॉड’ म्हणजे फाइलींच्या परवानग्या बदलणारी कमांड, ‘-आर’ म्हणजे फोल्डराच्या आतल्या सगळ्यांवर आणि ७७७ म्हणजे सर्वांना सर्व मुभा. यातली चारही विधाने तपासून पाहायला हवीत, कारण हा सल्ला संपूर्ण डिस्कवर शब्दशः पाळल्यास सिस्टीम पुन्हा बसवण्याची पाळी येऊ शकते.

परवानग्या बिघडतात, हे बहुतेक वेळा खरे नसते. युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टीम (लिनक्स आणि मॅक त्यातच येतात) फाइलीसोबत मालकाचे नाव नोंदवत नाहीत, क्रमांक नोंदवतात. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये पहिल्या वापरकर्त्याला १००० आणि मॅकवर ५०१ हा क्रमांक मिळतो. समजा, एका संगणकावर दोन खाती होती, अपग्रेडच्या निमित्ताने सिस्टीम नव्याने बसवली, होम फोल्डर (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइलींचे फोल्डर) तसेच ठेवले आणि खाती मात्र उलट्या क्रमाने उघडली गेली. आता फाइलींची यादी मालकाच्या क्रमांकासह दाखवणारे ‘एलएस -एलएन’ चालवले तर तुमच्या फाइलींपुढे १००१ दिसतो आणि ‘आयडी’ ही कमांड तुमचा क्रमांक १००० सांगते. फाइल जागची हललेली नाही, तिची परवानगीही तीच आहे. बदलला आहे तो तुमचा क्रमांक. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सने २०१४ मधल्या ७ व्या आवृत्तीत हे क्रमांक ५०० ऐवजी १००० पासून सुरू केले, तेव्हाही जुन्या डिस्कवरच्या फाइली अशाच ‘परक्या’ होऊ शकत होत्या. अशा वेळी ‘सीएचओन’ या कमांडने आपल्या फोल्डरपुरती मालकी बदलली की काम भागते.

७७७ ने सगळे सुरळीत होते, हे विधानही टिकत नाही. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरांत शिरण्यासाठी प्रत्येक ॲपला वापरकर्त्याची वेगळी संमती लागते. ती नसेल तर संदेश बहुधा ‘ऑपरेशन नॉट पर्मिटेड’ असा येतो आणि उपाय सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात असतो. एसईलिनक्स या लिनक्सवरच्या जादा सुरक्षा-व्यवस्थेने फाइलीला लावलेले लेबल चुकले असेल तर ते पूर्ववत करणारी ‘रिस्टोरकॉन’ ही कमांड लागते. डिस्कच केवळ वाचनापुरती जोडली गेली असेल, तर सीएचमॉड स्वतःच अयशस्वी होते. म्हणून संदेशाचे नेमके शब्द आधी वाचावेत, असा माझा आग्रह आहे.

धोका नाही, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. ७७७ म्हणजे मालक, गट आणि इतर सर्व यांना वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची मुभा. होम फोल्डरवर हे केले की एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्याचे साधन) तुमची खासगी किल्ली स्वीकारत नाही, कारण ती इतरांना वाचता येते. तिला ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचण्या-लिहिण्याची मुभा, हवे असते. संपूर्ण डिस्कवर केले तर सुडोच्या फाइलीवरचा सेटयूआयडी बिट (ज्या खुणेमुळे सुडोला प्रशासकाचा अधिकार मिळतो) पुसला जातो आणि सुडो चालायचे थांबते. म्हणजे चूक दुरुस्त करण्याचे हत्यारच हातातून जाते.

पूर्ववत करता येण्याचा दावाही इथेच कोसळतो, कारण सीएचमॉड जुन्या परवानग्या कुठेही लिहून ठेवत नाही. आरपीएमसारखे पॅकेज व्यवस्थापक (सॉफ्टवेअर बसवणारी साधने) त्यांनीच बसवलेल्या फाइलींच्या मूळ परवानग्या परत लावू शकतात, पण तुमच्या स्वतःच्या फाइलींची नोंद त्यांच्याकडे नसते. लिनक्सवर बदल करणे अटळच असेल, तर आधी त्या फोल्डरावर परवानग्यांची यादी देणारी ‘गेटएफएसीएल -आर’ ही कमांड चालवून निघालेला मजकूर एका फाइलीत साठवावा. ‘सेटएफएसीएल’ या तिच्या जोडीच्या कमांडला रिस्टोअरच्या पर्यायासह तीच फाइल दिली की जुन्या परवानग्या परत लागतात.