हबवर ६४ लिहिलंय म्हणून सायकल १९६४ची ठरत नाही

जुन्या इंग्लिश सायकलींच्या चाहत्यांत चार दावे सतत फिरत असतात. मागच्या हबवरचा (चाकाच्या मधल्या भागावरचा) आकडा म्हणजे सायकलचं वर्ष. तो नसेल तर फ्रेम नंबर यादीत शोधा. '५३१'चं (रेनॉल्ड्स कंपनीच्या नळीचं) स्टिकर दिसलं की सायकल दुसऱ्या महायुद्धापूर्वीची रेसर. आणि हेड ट्यूबवर (हँडलखालच्या नळीवर) ज्या कंपनीचा बिल्ला, तिनेच सायकल बनवली. चारही गोष्टींत थोडंथोडं तथ्य आहे, म्हणून त्या टिकून आहेत. पण त्यांच्या भरवशावर लोक पैसे मोजतात, आणि 'मूळ रूपात' आणायच्या नादात सायकलचे खरे भाग काढून फेकतात. नुकसान तिथे होतं.

आधी हब. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरच्या एडब्ल्यू हबच्या कवचावर 'एडब्ल्यू ६४ ३' असेल तर तो मार्च १९६४, हे बरोबर. हे मॉडेल १९३६मध्ये आलं, त्यामुळे नुसता ८ असेल तर १९३८. पण ही तारीख कवचाची आहे, फ्रेमची नाही. सायकलवर चाकाइतकं सहज काहीच बदललं जात नाही. रिम गंजली की दुकानदार दुसरं तयार चाकच बसवून देत असे. शिवाय एडब्ल्यूचे आतले भाग कितीतरी वर्षं एकमेकांत बसत राहिले, म्हणून कवच एका दशकातलं आणि गिअर दुसऱ्या दशकातले, असंही सापडतं.

चाक मूळचं आहे का, हे तपासता येतं. इंग्लंडमध्ये पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक ही जुनी रीत होती, म्हणून दोन्हीकडे ३६ दिसले तर शंका घ्यावी. मग ब्रेक पाहा. २७ × १ १/४ इंची रिमचा टायर बसण्याचा व्यास ६३० मिमी, तर २६ × १ १/४ इंचीचा ५९७. म्हणजे त्रिज्येत साडेसोळा मिमीचा फरक. ब्रेकचे गुटके ब्रेकच्या दांडीवरच्या खाचेच्या अगदी तळाशी ओढलेले असतील तर फ्रेम मोठ्या चाकासाठी बनली होती आणि आताचं चाक नंतरचं, असं बहुतेकदा निघतं. गुटके एका टोकाशी नसले तरी निर्धास्त होऊ नका: ७००सीचं चाक ६२२ मिमीचं, त्रिज्येत फक्त ४ मिमी कमी, आणि ते सहज खपून जातं. हब मूळचाच निघाला तरी त्यावरून एवढंच म्हणता येतं की सायकल त्या महिन्याच्या आधी जुळवलेली नाही.

फ्रेम नंबरची गोष्ट वेगळी. नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो, म्हणून तो हबपेक्षा भरवशाचा. अडचण यादीची आहे. सगळ्या इंग्लिश कंपन्यांना लागू पडणारी एक यादी नाहीच. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या जुन्या नंबरांत सलग क्रम सापडत नाही. १९७०च्या दशकातल्या पद्धतीत पहिलं अक्षर कारखान्याचं (एन म्हणजे नॉटिंगहॅम, डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप) आणि दोन अक्षरांनंतरचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक. त्यामुळे 'डब्ल्यूएच४' पासून सुरू होणारा नंबर १९७४चा धरता येतो, कारण वर्कसॉपचा कारखाना १९८१मध्ये बंद झाला. हाच नियम १९५०च्या फ्रेमला लावला तर येणारं वर्ष निव्वळ काल्पनिक असतं. नंबर सीट लगवर (सीटखालच्या नळ्यांच्या सांध्यावर), बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा धुरा बसतो त्या आडव्या नळीच्या) तळाशी किंवा मागच्या ड्रॉपआउटवर (चाकाचा धुरा बसतो त्या खाचेच्या पट्टीवर) असतो. तिथला रंग खरवडू नका. थोडं रॉकेल, मऊ ब्रश, आणि बाजूने तिरका टॉर्च एवढं पुरतं. ३ आणि ८, १ आणि ७ यांत घोटाळा होतो, म्हणून फोटो काढून मगच वाचा.

'५३१ म्हणजे युद्धापूर्वीची' हा तर सर्वांत पोकळ मुद्दा. रेनॉल्ड्सने ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी १९३५मध्ये आणली आणि पुढे कित्येक दशकं विकली. १९८०च्या दशकातल्या फ्रेमवरही ५३१ असतं. स्टिकर नव्याने छापून मिळतात, आणि मूळ असला तरी कधीकधी तो फक्त तीन मुख्य नळ्यांपुरता बोलतो. सीटपोस्ट (सीटची दांडी) काढून ती बसते त्या नळीचं आतलं माप व्हर्नियरने तीन दिशांनी घ्या. २७.२ मिमी आलं तर डबल-बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) ५३१ शक्य आहे, २६.४ आलं तर साधी एकसारख्या जाडीची ५३१, आणि २५.४ म्हणजे सहसा साधं पोलाद. हा पुरावा नव्हे, गाळणी आहे, कारण इटालियन कोलंबस नळ्यांतही २७.२ येतं. बसवलेला पोस्ट मात्र मोजू नका. चुकीचा बारीक पोस्ट घालून लग आवळलेली फ्रेम अनेकदा सापडते.

आता बिल्ला. रॅलेने हंबरच्या सायकलींचं नाव १९३२मध्ये, रज-व्हिटवर्थ १९४३मध्ये, बीएसएच्या सायकली १९५७मध्ये आणि कार्लटन १९६०मध्ये घेतलं. त्यानंतरही रजच्या चेनव्हीलवर हाताचा पंजा आणि हंबरला दुहेरी नळ्यांचा फोर्क येतच राहिला. क्लॉड बटलर १९५६मध्ये दिवाळखोर झाला आणि ते नाव होल्ड्सवर्थच्या कंपनीकडे गेलं. म्हणून बिल्ला सोडून बॉटम ब्रॅकेटचे आटे पाहा. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या बहुतेक फ्रेममध्ये इंचाला २६ आटे असतात, बाकी इंग्लिश फ्रेममध्ये २४, वर्कसॉपच्या कार्लटनमध्येही २४. कप (पेडलचा धुरा धरणारी आट्यांची वाटी) काढून दहा आटे मोजा: २४ला साधारण १०.६ मिमी, २६ला ९.८. चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतो. बरेच कप इथेच मोडतात. आणि २४चा कप २६च्या फ्रेममध्ये जोराने घातला तर फ्रेमचेच आटे जातात.

भारतातल्या जुन्या बाजारात तर बिल्ल्यावर आणखी कमी विसंबावं. आसनसोलला सेन-रॅले आणि मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स इंग्लिश कंपन्यांचीच नावं लावून सायकली बनवत होत्या. अंबत्तूरची हर्क्युलिस १९५१पासूनची.

शेवटी मागच्या फोर्कची रुंदी, म्हणजे दोन ड्रॉपआउटमधलं अंतर. ११४ मिमी सहसा चार चकत्यांच्या फ्रीव्हीलसाठी (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचासाठी), १२० पाचसाठी, १२६ सहा-सातसाठी, म्हणजे १९७०च्या अखेरीपासून पुढची. पोलादाची फ्रेम वाकवून रुंद करता येते, म्हणून ड्रॉपआउट समांतर आहेत का ते सरळपट्टी लावून बघा. डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेचा) हँगर नंतर ब्रेझिंग करून जोडला असेल तर तिथे रंग फुगलेला किंवा कानसीचे ओरखडे दिसतात. कॅम्पान्योलो नुओव्हो रेकॉर्ड डिरेलरवर 'पेटंट' शब्दापुढचे दोन अंक वर्षाचे असतात, पण तेही डिरेलरच्या वर्षाचे. अशा तारखा असलेले तीन-चार भाग एक-दोन वर्षांच्या आत जुळले, आणि फ्रेमचे आटे, रुंदी, चाकाचं माप त्यांच्याशी विसंगत नसलं, तर '१९५३ ते ५५' असं लिहा. एकच वर्ष फक्त कंपनीच्या नोंदवहीत तो फ्रेम नंबर सापडला तरच लिहा.