विद्यापीठांमधले कोविडचे उपाय निव्वळ देखावा होते का?

कोविडच्या काळात विद्यापीठांच्या आवारात जे काही केले गेले तो निव्वळ देखावा होता, चाचण्या आणि मास्क यांतून काहीही साधले नाही आणि तरुण मुलांना धोका नव्हताच, असा संदेश अजूनही पुढे पाठवला जातो. त्यातला देखाव्याचा आरोप काही अंशी खरा आहे. बाकीचे टिकत नाही.

२० ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातली महाविद्यालये उघडली, तेव्हा आमच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक प्रत्येकाच्या मनगटावर तापमापक यंत्र रोखायचा, ३४ अंश असा अशक्य आकडा यायचा आणि तोच वहीत लिहून मुलाला आत सोडले जायचे. लक्षणे दिसण्याआधीच संसर्ग पसरवणारा माणूस या यंत्राला सापडणे शक्य नव्हते. बाके आणि कठडे फवारण्यातही बरेच श्रम वाया गेले, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र फवारणी फोल ठरली म्हणून सगळेच उपाय फोल ठरत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये आयआयटी मद्रासच्या आवारात शंभराहून अधिक जण बाधित झाले. वसतिगृहांत तेव्हा मोजकीच मुले होती, पण जेवणाला मेस एकच चालू होती. जेवताना मास्क उतरवावाच लागतो, आणि एकाच छताखाली ताटे घेऊन गप्पा मारत बसलेली मुले एवढे या विषाणूला पुरते. पुढे सर्वांच्या चाचण्या झाल्या आणि जेवण बांधून खोल्यांवर पोचवले जाऊ लागले. संसर्ग हवेतून पसरतो हे ओळखून केलेल्या अशा उपायाला देखावा म्हणणे अन्यायाचे आहे.

चाचण्यांविषयी अमेरिकेतली दोन उदाहरणे पुरेशी आहेत. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने परतणाऱ्या मुलांची सरसकट चाचणी न करता १० ऑगस्ट २०२० रोजी वर्ग सुरू केले आणि आठवड्याभरातच पदवीचे वर्ग ऑनलाइन नेण्याची घोषणा त्याला करावी लागली. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन आवारात लाळेची चाचणी आठवड्यातून दोनदा सक्तीची होती. सुरुवातीला पार्ट्यांमुळे रुग्ण वाढले, पण ते लवकर सापडत गेले आणि सत्र चालू राहिले.

‘तरुणांना धोका नाही’ हे म्हणणे मला सर्वाधिक खटकते, कारण विद्यापीठ म्हणजे केवळ विशीतली मुले, असे त्यात गृहीत धरले आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अलीगढ मुस्लीम विद्यापीठाचे सेवेतले आणि निवृत्त मिळून वीसहून अधिक प्राध्यापक काही आठवड्यांत दगावले आणि विषाणूच्या जनुकीय तपासणीसाठी कुलगुरूंना आयसीएमआरला, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला, पत्र लिहावे लागले. आमच्या फाटकावरचा रक्षकही पन्नाशी ओलांडलेला होता आणि दिवसभरात शेकडो मुलांच्या हातभर अंतरावर उभा राहायचा. हातातल्या यंत्राचा त्याला स्वतःला काहीच उपयोग नव्हता. समोरच्या मुलाचा मास्क नाकावर आहे की हनुवटीवर, यावर त्याचे बरेच काही अवलंबून होते.