नाचत नव्हती ती, लंगडत होती

आज सकाळी एका थंड हवेच्या ठिकाणी, सिमेंटच्या उतारावरून एक तांबडी घोडी दुडक्या चालीने खाली येत होती. पाठीवर चांगला ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा गडी, पुढे दोरी धरून पळणारा पोरगा आणि कडेला मोबाइल उगारलेली जनता. "बघ बघ, मान डोलावत कशी नाचतेय!"

अहो, नाचत नव्हती ती. पुढच्या डाव्या पायाने लंगडत होती. डावा पाय टेकला की डोकं वर, उजवा टेकला की खाली. दुखऱ्या पायावर भार पडू नये म्हणून घोडा त्या क्षणी मान उचलतो. साध्या चालीत चार पाय चार वेळा, एकेक करून पडतात, त्यामुळे थोडं दुखणं लपून जातं. दुडकीत पुढचा डावा नि मागचा उजवा एकदम, मग दुसरी तिरकी जोडी. दोनच ठोके, दोन्ही बाजूंना सारखा भार, त्यामुळे दुखणं लपत नाही. म्हणून तर जनावरांचे डॉक्टर लंगड बघायला घोडा कडक जमिनीवर पाच-पन्नास पावलं दुडकवतात. आज रस्त्याने ती तपासणी फुकटात करून दाखवली आणि आपण तिचं रील केलं.

आता नेहमीचा वाद: कडक रस्त्यावर दुडकी वाईट की नाही? वाईट. किती वाईट, ते मात्र रस्त्याइतकंच बाकीच्या गोष्टींवर आहे.

उभ्या घोड्याचं साठेक टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. चालताना एका पुढच्या पायावर अंगाच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त भार येतो. दुडकीत घोडा क्षणभर हवेत असतो, मग तोच भार जवळजवळ पूर्ण वजनाइतका होतो. मातीत खूर टेकल्यावर जरासा घसरून, रुतून थांबतो. डांबरावर तो एकदम थांबतो आणि धक्का खुरातून नळीच्या हाडाकडे (गुडघ्याखालच्या लांब हाडाकडे) सरळ वर जातो. निसर्गाने त्यावर सोय केलीय: टाच टेकली की ती किंचित फाकते, तळाचा त्रिकोणी रबरासारखा भाग दबतो, धक्का जिरतो. पण नालबंदाने खिळे टाचेपर्यंत ठोकले की टाच फाकायची थांबते. खिळे खुराच्या सगळ्यात रुंद भागाच्या पुढेच हवेत. हे कितीजण बघतात?

"नाल अजून झिजला नाही, चालेल महिनाभर" हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं फिरतं. नाल झिजण्याचा आणि खूर वाढण्याचा काय संबंध? खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो. सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर कानशीने घासून पुन्हा बसवायचाच, जुना धड असेल तर तोच. तीन महिने तसाच ठेवला की खुराचं टोक लांबतं, पाय उचलताना पायाच्या मागच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) ताण येतो, नाल पुढे सरकून टाचेला टोचायला लागतो. त्या तांबडीच्या खुराची टोकं लांबलेली दिसत होती. चपलेबाहेर आलेल्या बोटांसारखी.

हो, मान्य, मऊ जमीन म्हणजे अमृत नव्हे. खोल, भुसभुशीत वाळूत पळवलं तर कंडरा जास्त दुखावते. आणि हो, घोडा तयार करायला कडक रस्त्यावर चालवणं ही जुनी, खरी पद्धत आहे. पण चालवणं! चार आठवडे नुसती चाल, वीस मिनिटांपासून तासापर्यंत. पाचव्या आठवड्यात एक-दोन मिनिटांची दुडकी, तीही चढावर. उतारावर कधीच नाही, कारण तिथे पुढच्या पायांवरचा भार आणखी वाढतो. तांबडी उतारावर होती.

"आमच्याकडे टांगे पिढ्यान्‌पिढ्या डांबरावर पळाले." पळाले ना. जे टिकले ते तुम्हाला आठवतात. जे लंगडे झाले ते कुठे गेले, ते कुणी विचारलं नाही.

वजनाचं तर बोलायलाच नको. खोगीर धरून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढा भार, हा साधा अंदाज. तिथली तट्टं फार तर अडीचशे-तीनशे किलोची, म्हणजे पन्नास-साठ किलो. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांतही तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा ७० किलोच आहे. पंच्याऐंशीच्या काकांनी पायी यावं, तब्येतीलाही बरं.

वयाचंही तसंच. जबडा उघडून बघा. घोड्याचे पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीने पडतात. कडेची जोडी अजून दुधाची असेल तर ते पोर आहे, त्याला रस्त्यावर दुडकवू नका. कोवळ्या वयात नळीच्या आतल्या बाजूला ज्या गाठी येतात, त्या बऱ्याचदा याच आदळआपटीच्या असतात.

लिहिताना त्या पोराचा चेहरा आठवतोय. चौदा-पंधराचा असेल, स्लिपर घालून घोडीबरोबर पळत होता, धापा टाकत. "पळव ना रे, पैसे पूर्ण दिलेत!" हे ओरडणारा तो नव्हता, पाठीवरचा होता. घोडेवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. माथेरानला पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, ही ओरड तिथल्या घोडेवाल्यांनीच केली होती. जनावराच्या पायाखाली काय आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. रस्ता मात्र त्यांना विचारून होत नाही.

तरीही त्यांच्या हातात बरंच आहे. रस्त्याच्या अगदी कडेने घोडा नेऊ नका. डांबरी रस्ता मधून उंच असतो, कडेला एक पाय कायम खाली राहतो, सांधे पिळवटतात. पांढरे पट्टे आणि गटाराची झाकणं टाळा. गुळगुळीत लोखंडी नाल तिथे बर्फावरच्यासारखा सरकतो. गुळगुळीत सिमेंटवर रोज जायचंच असेल तर रबरी नाल लावा. घोड्यांच्या तळावरून पर्यटकांच्या ठिकाणावर येता-जाता फक्त चाल, घाई असली तरी. संध्याकाळी दोन्ही पुढचे पाय हाताने चाचपा: नळी, कंडरा, खुराच्या वरचा सांधा, खूर. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागली, किंवा खुराच्या वरच्या सांध्यामागे नाडी ठणठण लागली, तर थंड पाणी पंधरा-वीस मिनिटं सोडा, दुसऱ्या दिवशी सुट्टी आणि डॉक्टर. दोन मिनिटांचं काम आहे हे.

त्या तांबडीच्या मालकाला कुणी ओळखत असेल तर एवढाच निरोप द्या: पुढच्या डाव्याचा नाल उद्या काढा आणि टाच बघा.