ताणलेले सात बुटके आणि आमच्या दादाचं ‘आमच्या वेळी’

दर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एक ॲनिमेशन पिक्चर बघायचा असं आमच्या घरात ठरलंय. ठरलंय एवढंच. बघत कोणीच नाही. रिमोट हातात आला की दादाचं पहिलं वाक्य, "हल्लीच्या कार्टून-पिक्चरमध्ये काही दम नाही राव," आणि मग जे सुरू होतं ते आवरत नाही. परवा मी मुद्दाम घड्याळ लावून बसले. एक तास चार मिनिटं. म्हणजे ६४ मिनिटं! १९४१ चा ‘डम्बो’ बरोब्बर ६४ मिनिटांचा आहे. तेवढ्या वेळात ते हत्तीचं पिल्लू जन्मून, आईपासून तुटून, रडून, उडून मोकळं झालं असतं. आमच्याकडे अजून मेनूच चालू होता, आणि जिच्यासाठी हा सगळा घाट, ती सात वर्षांची भाची उशी कवटाळून झोपून गेली होती.

आता माझं टाळकं सटकलंय, तेव्हा एकदा बोलूनच टाकते.

दादाचा ‘आमचा काळ’ म्हणजे किती पिक्चर? चार, सगळे डिस्ने स्टुडिओचे. १९८९ ची जलपरी (‘द लिटल मर्मेड’), १९९१ चा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, १९९२ चा ‘अलादीन’, १९९४ चा ‘द लायन किंग’. बास. हे चार तो पाढ्यासारखे म्हणतो आणि समोर ठेवतो आज ओटीटीवर सापडलेला कुठला तरी सगळ्यांत भिकार पिक्चर. ही कुठली तुलना? तीस वर्षांपूर्वीचं पाखडून, निवडून घ्यायचं आणि आजचं खड्यामातीसकट पोतं ओतायचं! त्या काळातही खडे होतेच की. ‘अलादीन’ला दोन वर्षं होत नाहीत तोवर त्याचा स्वस्तातला पुढचा भाग, ‘द रिटर्न ऑफ जाफर’, थेट कॅसेटवर आला, तोही १९९४ सालीच. त्यानंतर दहा-बारा वर्षं अशा थेट कॅसेट-डीव्हीडीवाल्या पुढच्या भागांची रांगच लागली होती. आणि दादाने त्या जाफरच्या कॅसेटची इतकी पारायणं केली होती की शेवटी शेवटी पडद्यावर पांढऱ्या रेघा नाचायच्या. मी शेजारी बसून बघितलंय. आज विचारलं तर म्हणतो, "छे, तो मी पाहिलाच नाही."

त्याच दशकात, १९९९ मध्ये, ‘द आयर्न जायंट’ आला. आज त्याला सगळे डोक्यावर घेतात. तेव्हा थिएटरात तो सपशेल आपटला. "आमच्या वेळी प्रेक्षकांना कदर होती" म्हणे! त्याहून मागे जाऊ. १९४० चे ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेसिया’ आज कलाकृती म्हणून शिकवले जातात. पहिल्या प्रदर्शनात दोघांनीही घातलेला पैसा वसूल केला नाही. युरोपात युद्ध पेटलेलं, तिकडचा बाजारच बंद. १९५९ चा ‘स्लीपिंग ब्यूटी’ करण्यात जवळजवळ अख्खं दशक गेलं, एकेक झाड कोरीव कामासारखं रंगवलं, आणि तोही आधी तोट्यात गेला. मग स्टुडिओतल्या माणसांना नारळ. कदर कुठे होती ते जरा मलाही कळू दे.

पण याहून जास्त डोक्यात जातं ते दुसरं वाक्य. "तेव्हा सगळं हाताने काढायचे. आता काय, कॉम्प्युटरचं बटण दाबलं की झालं."

हो का? ज्या ‘लायन किंग’साठी तू अजून हळवा होतोस, त्यातली ती दरीतली रानम्हशींसारख्या जनावरांची झुंड, जिच्या पायाखाली बाप मरतो, ती कॉम्प्युटरवर केलेली आहे. जेमतेम अडीच मिनिटांचा तो प्रसंग उभा करायला दोन वर्षांहून जास्त लागली. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये ती पिवळ्या झग्यात नाचते तो झुंबरवाला दिवाणखाना? कॉम्प्युटर. कॅमेरा त्या झुंबराभोवती असा गरकन फिरतो ना, तो कागदावर तसा फिरवता आला नसता म्हणूनच तर केलं. आणि १९९० पासून डिस्ने स्टुडिओत चित्रं हाताने काढून आत स्कॅन करायचे आणि रंग कॉम्प्युटरमध्ये भरायचे. ब्रशने सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर, रंग देणं तिथे तेव्हाच संपलं होतं. तुझ्या चारपैकी तीन पिक्चर त्यानंतरचे आहेत. ज्या रंगांना तू ‘हाताची ऊब’ म्हणतोस, ते कॉम्प्युटरमध्येच भरलेले आहेत.

आणि बटण दाबून होतं म्हणणाऱ्याला मी एकदा त्या खुर्चीत बसवणार आहे. कॉम्प्युटरमधलं पात्र म्हणजे कळसूत्री बाहुली. भुवई किती वर, खांदा केव्हा खाली, वजन कुठल्या पायावर, हे माणूसच ठरवतो, दिवसचे दिवस, सेकंदा-दोन सेकंदांसाठी. मग प्रत्येक फ्रेमवर प्रकाश टाकून ती रेंडर करायची, म्हणजे कॉम्प्युटरकडून तिचं पक्कं चित्र बनवून घ्यायचं, त्यात तासन्‌तास. असल्या चोवीस फ्रेम झाल्या की पडद्यावर एक सेकंद सरतो. त्या सेकंदाला दादा मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत असतो.

बरं, हातानेच काढलेलं पवित्र असेल तर ज्यांच्या हातांनी काढलं त्यांचं तरी काही वाटतं का याला? १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’ची रेष न्‌ रेष शाईने सेलवर उतरवली आणि रंगवली ती शाई-रंग विभागातल्या तरुण मुलींनी. हात जरा हलला की सेल बाद. श्रेयनामावलीत त्या मुलींची नावं नाहीत. हे सांगितलं तर दादा म्हणतो, "ते जाऊ दे, पण फील बघ." आणि पुढे ठासून, "जगातला पहिला ॲनिमेशनपट आहे तो." नाहीये रे बाबा! त्याच्या ११ वर्षं आधी, १९२६ मध्ये, जर्मनीत लोटे रायनिगर नावाच्या बाईने काळा कागद कातरून, बाहुल्यांच्या सावल्या हलवून पूर्ण लांबीचा पिक्चर केला होता. आज शिल्लक असलेला सगळ्यांत जुना तोच. कात्री घेऊन बसलेली एक बाई! पण दादाचा इतिहास एकाच स्टुडिओच्या फाटकाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. जपानमध्ये १९८८ साली एकाच दिवशी, एकाच तिकिटात ‘माय नेबर टोटोरो’ आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ दाखवले होते. एक अंगाईसारखा, दुसरा काळीज पिळून काढणारा. हा त्याच्या लाडक्या जलपरीच्या एक वर्ष आधीचा काळ. ऐकतो कोण.

काटकसर आणि उचलेगिरी आजची आहे असंही नाही. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये शाईचा खर्च वाचवायला पेन्सिलची चित्रं झेरॉक्सने थेट सेलवर छापली, म्हणून त्या कुत्र्यांची रेष जरा खरबरीत दिसते. (मला ती फार आवडते. पण ती काटकसरीतून आली, साधनेतून नाही.) १९७३ च्या ‘रॉबिन हूड’मधला जंगलातला नाच नीट बघा. काही हालचाली ‘स्नो व्हाइट’मधून जशाच्या तशा उचलल्यात, वर नुसती कोल्हीण चढवलीय. हेच आज कोणी केलं असतं तर दादाने छाती पिटली असती.

आता कोणाला वाटेल मी नव्याची वकिली करतेय. तसं नाही. आमचा सतरा वर्षांचा भाचा त्या बाजूचा, आणि तो तर बापाच्या वरताण. त्याचं म्हणणं, "आत्या, जुने पिक्चर स्लो असतात गं, काहीच होत नाही." अरे गाढवा, ‘बॅम्बी’ ७० मिनिटांत संपतो. तेवढ्यात पाडस जन्मतं, हिवाळा येतो, आई मरते, वणवा लागतो आणि ते मोठं होतं. स्लो काय असतं सांगू? त्याच ‘लायन किंग’चा २०१९ चा रिमेक. मूळ ८८ मिनिटं, हा ११८. जलपरी ८३ मिनिटांची होती, २०२३ मध्ये १३५ ची झाली. अख्खे पन्नास मिनिटं काय केलं? तीच गोष्ट, तीच गाणी, आणि सिंहाचा चेहरा इतका ‘खरा’ की बाप मेला तरी पिल्लाच्या तोंडावरची सुरकुती हलत नाही. रेषेने काढलेला सिंह रडू शकत होता. खऱ्यासारख्या सिंहाला रडता येत नाही, कारण खरा सिंह तसा रडतच नाही. मग ॲनिमेशन केलं कशाला?

आणि या भाच्याचा जीव की प्राण असलेला २०१८ चा तो स्पायडर-मॅनवाला पिक्चर, ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’? त्यात जंगलातल्या प्रसंगात नवशिका स्पायडर-मॅन माइल्स सेकंदाला बारा पोझमध्ये हलतो आणि मुरलेला स्पायडर-मॅन पीटर चोवीसमध्ये. म्हणून पोरगा अडखळतोय असं वाटतं. एक चित्र दोन फ्रेमना पुरवायचं ही युक्ती त्या ‘स्लो’ लोकांची, पेन्सिलच्या जमान्यातली आहे. हे सांगितलं तर म्हणतो, "ओके." पाहिला कुठे यानं? बसमध्ये, मोबाईलवर, दीडपट वेगात. बारा काय आणि चोवीस काय!

खरा राग यायचाच असेल तर त्या साहेब लोकांवर येऊ दे, ज्यांनी २००० नंतर दोन-चार पिक्चर पडल्यावर ठरवलं की प्रेक्षकांना पेन्सिल नको झालीय. गोष्टी फुसक्या होत्या, शिक्षा पेन्सिलीला. डिस्नेमध्ये २००४ च्या गाईंच्या पिक्चरनंतर हाताने चित्रं काढायचा विभाग गुंडाळलाच, टेबलं-बिबलं काढली. २००९ मध्ये एक बेडूक-राजकन्या करून पाहिली, पुन्हा थंड. आणि गंमत अशी, की २००३ च्या समारंभात सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर घेऊन गेला तो हाताने काढलेला जपानी ‘स्पिरिटेड अवे’. यावर दादाने एकदा तरी आवाज चढवावा. पण नाही, त्याचा राग निघतो तो सात वर्षांच्या पोरीने लावलेल्या पिक्चरवर.

आता टीव्हीचं सांगते, कारण तिथे तर मी हात टेकले. मागच्या महिन्यात दादाने मोठ्या थाटात ‘स्नो व्हाइट’ लावला. "बघा, याला म्हणतात काम!" मी बघते तर सात बुटके सातही बाजूंनी फुगलेले. हिमगौरीचा चेहरा पाटासारखा. चाक अंड्यासारखं. जुन्या पिक्चरची चौकट जवळजवळ चौकोनी असते, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. यानं ‘अर्धा टीव्ही फुकट जातो’ म्हणून चित्र आडवं ताणून ठेवलेलं! वर्षभर! त्यात टीव्हीतलं ते हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग चालू. म्हणजे चित्रकाराने विचार करून सोडलेल्या जागा टीव्ही आपल्या मनाने भरतो. दोन चित्रांच्या मधे तिसरं बनावट चित्र घुसडतो. ज्याने पाय आपटून थांबायचं, तो तुपावरून घसरल्यासारखा थांबतो. जुनं असो, नवं असो, सगळ्याला एकच मेणचट चाल. आणि या पडद्याकडे बघून हे गृहस्थ आम्हाला सांगणार की कुठल्या काळात रेषेत जीव होता!

मी दोन्ही सेटिंग बदलली. वहिनी म्हणाली, "अगं बाई, हे बारीक दिसायला लागले." पुढच्या शनिवारी बघते तर परत ताणलेलं.

काल मात्र मी आधीच जाऊन भाचीला ‘वुल्फवॉकर्स’ लावून दिला. आयर्लंडमधला, पेन्सिलच्या रेघा मुद्दाम तशाच ठेवलेला; शहर लाकडी ठोकळ्याने छापल्यासारखं टोकदार, जंगल मात्र गोल, वळणदार, एकावर एक रेघा ओढून केलेलं. ती पोर मांडी घालून पडद्यापासून दोन हातांवर बसली होती, तोंड उघडं. लांडगी धावायला लागली तेव्हा स्वतःच पुढे सरकली. दादा आतून आला, दारात थांबला, चक्क पाचेक मिनिटं गप्प उभा राहिला. मग मला कोपरानं ढोसून म्हणाला, "बघितलंस? हे आमच्या वेळचं काम. आता जमेल का कोणाला?"

"दादा, २०२० चा आहे हा."

तो जरा थांबला. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मग तो अपवाद असेल. कारण नव्वदच्या दशकात काय व्हायचं, माहितीये का..."

मी घड्याळ लावलं.