हौस म्हणे!

आज मुलीच्या शाळेत पालकसभा होती. तिच्या वर्गाच्या मॅडम रोज शाळा सुटल्यावर पाऊण तास थांबून पोरांकडून शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करून घेतात. पैसे घेत नाहीत. तर एक पालक उठून विचारतात, "यात तुमचा काय फायदा, मॅडम?" आणि मागून दुसऱ्या शिक्षिका हळूच, "तिला हौसच फार." सगळे हसले. तेव्हा गप्प बसलो, तो राग आता इथं काढतोय.

1989 साली मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला होतो. शिष्यवृत्ती तेव्हा चौथीला असायची, पाचवीला ती 2016-17 मध्ये नेली होती. गुरुजी रात्री जेवून सायकलवर परत शाळेत यायचे. आम्ही अकरा पोरं, घरून आणलेले कंदील, गोधड्या. 'आरशातील प्रतिमा' हा आकृत्यांच्या प्रश्नांचा प्रकार कुणाच्याच डोक्यात शिरेना. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी घरून दाढीचा आरसा आणला आणि आकृतीशेजारी उभा धरला. "बघ, डावं कुठं गेलं?" काचेवरचे वाळलेल्या साबणाचे ठिपके मला अजून दिसतात.

आमच्यात मेंढरामागं जाणारं एक पोरगं होतं. तोंडातून शब्द निघायचा नाही त्याच्या. पण आरसा आधी त्यालाच कळला. गुरुजींनी आरसा त्याच्या हातात दिला, "आता तू शिकव यांना," आणि स्वतः आमच्यात बसकरपट्टीवर मांडी घालून बसले! तेव्हापासून तो गटप्रमुख. कुणी आलं नाही की हा पठ्ठ्या घरी जाऊन ओढून आणायचा. पुढं यादीत नाव त्याचं लागलं, माझं नाही. (बरं झालं, असं मी अजूनही म्हणत नाही.)

आणि आम्ही विचारतो, फायदा काय!

हो, मान्य. मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं, सगळं मास्तरांच्याच गळ्यात. वर फुकट राबा असं कुणी सांगू नये. पण स्वतःहून थांबणाऱ्या बाईला हसायचं कशाला? तुमच्याच पोरांसाठी थांबतेय ना ती?

जाऊ दे.

लिहिता लिहिता एक आठवलं. तो आरसा परीक्षेपर्यंत त्या पोराच्याच दप्तरात होता. त्या दिवसांत गुरुजींच्या हनुवटीवर रोज ब्लेडचा नवा ओरखडा असायचा, आणि आम्ही पोरं मागं बसून खिदळायचो.